हुतुतू ते जकार्ता: कबड्डीतील अठ्ठावीस वर्षांच्या अपराजित पर्वाचा इतिहास

कबड्डीचा आशियाई क्रीडास्पर्धांत समावेश १९९० साली बीजिंगमध्ये झाला. त्या स्पर्धेपासून २०१४ च्या इंचॉन स्पर्धेपर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदके भारताने जिंकली आणि या सात स्पर्धांत भारतीय संघाने एकही सामना गमावला नाही. २० ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे दक्षिण कोरियाने भारताला २४–२३ असे हरवले, तेव्हा ही मालिका संपली. सांघिक खेळात इतका काळ टिकलेले वर्चस्व विरळाच. ते घडवण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. खेळाचे पहिले लिखित नियम, पहिल्या संघटना आणि कोकणापासून गिरणगावापर्यंत पसरलेला खेळाडूंचा साठा मराठी मुलखात उभा राहिला. हे वर्चस्व मोडले त्या घटनाक्रमातही एका मराठी प्रशिक्षिकेचे नाव ठळकपणे येते.

नियमांपूर्वीचा हुतुतू

महाराष्ट्रात हा खेळ हुतुतू या नावाने खेळला जात असे. तमिळनाडूत तो चेडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू आणि उत्तरेत कबड्डी होता. मराठी संतवाङ्मयात हमामा, हुंबरी यांच्याबरोबर हुतुतूचीही रूपके आढळतात. म्हणजे तो लोकांच्या अंगवळणी पडलेला खेळ होता. त्याला साहित्य लागत नसे. जमिनीवर एक रेघ ओढली, दोन बाजूंना गडी वाटून घेतले की डाव सुरू होई. एका बाजूचा गडी दम धरून दुसऱ्या बाजूत शिरायचा, कोणाला तरी शिवायचा आणि दम सुटण्याआधी रेघ ओलांडून परत यायचा. शिवला गेलेला गडी मरायचा. पकडला गेलेला चढाई करणाराही मरायचा.

गडी किती, मैदान केवढे, मेलेल्या गड्याचे पुढे काय, डाव कधी संपला असे मानायचे, हे मात्र गावोगाव वेगळे होते. त्यातून खेळाचे तीन मुख्य प्रकार ओळखले जातात. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला बाद झालेला एक गडी पुन्हा मैदानात येतो. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच राहतो. अमर प्रकारात कोणीही बाहेर जात नाही, फक्त गुण मोजले जातात. आजची कबड्डी मुख्यतः संजीवनीवर उभी आहे. सगळा संघ बाद झाल्यावर मिळणारे लोणाचे दोन जादा गुण हा तिच्यातला मोठा टप्पा असतो.

गावच्या आणि आळीच्या पातळीवर या भिन्नतेने काही बिघडत नव्हते. सामने दोन गावांत, मग दोन जिल्ह्यांत होऊ लागले तसे वाद वाढले. दम खरोखर सुटला की नाही, गडी रेषेबाहेर गेला की नाही, हे ठरवायला दोन्ही बाजूंना मान्य असा आधार नव्हता.

नियम आणि संस्था

तो आधार विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांत तयार झाला. व्यायामशाळा, आखाडे आणि जिमखाने यांच्या चळवळीने महाराष्ट्रात देशी खेळांना सार्वजनिक प्रतिष्ठा दिली होती. पुण्याचा डेक्कन जिमखाना, साताऱ्यातील खेळाचे कार्यकर्ते आणि बडोद्याचा हिंदविजय जिमखाना यांनी हुतुतू नियमांत बसवण्याचे काम केले. हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम ठरवून स्पर्धा भरवल्या. पुढे १९३४ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना अधिक पक्के रूप दिले. याच काळात खोखो आणि आट्यापाट्या यांचेही नियमन झाले. हे तिन्ही खेळ एकाच चळवळीची अपत्ये आहेत.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि त्यांत कबड्डीही परदेशी प्रेक्षकांपुढे गेली. १९३८ साली कलकत्त्यात भरलेल्या भारतीय ऑलिंपिक स्पर्धांत खेळाला स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५२ साली मद्रासला, तर महिलांची १९५५ साली कलकत्त्यात झाली. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा इतक्या लवकर सुरू झाल्या ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आशियाई स्पर्धेत महिला कबड्डी यायला मात्र त्यानंतर पंचावन्न वर्षे जावी लागली.

शिक्षणसंस्थांची दारे १९६० नंतर उघडली. १९६१ साली आंतरविद्यापीठ स्पर्धांत आणि १९६२ साली शालेय स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. त्यामुळे तालुक्याच्या गावातल्या छोट्या महाविद्यालयाचा संघही विद्यापीठाच्या, आणि तिथून देशाच्या स्पर्धेपर्यंत पोहोचू शकला. १९७१ साली पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कबड्डी प्रशिक्षकांचा अभ्यासक्रम सुरू झाला. तोवर वडीलधाऱ्या खेळाडूच्या नजरेखाली शिकला जाणारा खेळ आता शास्त्र म्हणूनही शिकवला जाऊ लागला.

कोकण आणि गिरणगाव

खेळाचा खरा पाया कागदावरच्या नियमांइतकाच गावच्या मैदानावर होता, आणि त्यात कोकणाचे स्थान मोठे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे त्याचे एक प्रातिनिधिक गाव. मुंबई–गोवा महामार्गावरचे, पुढे कोकण रेल्वेचे स्थानक लाभलेले हे गाव गोविंदराव निकम यांनी उभारलेल्या सह्याद्री शिक्षण संस्थेमुळे शाळा-महाविद्यालयांचे केंद्र बनले. अशा गावांच्या परिसरात कबड्डीचे वर्ष शेतीच्या वर्षाला बांधलेले असते. भातकापणी उरकली, जमीन वाळली की वाडीवाडीतली मंडळे मैदान आखतात. खडे वेचून, माती चाळून पसरली जाते, पाणी मारून ती दाबली जाते आणि चुन्याने रेषा ओढल्या जातात. हिवाळ्यापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत स्पर्धांचा मोसम चालतो. बहुतेक मंडळांची नावे ग्रामदैवताची किंवा मारुतीची असतात, आणि शेजारच्या दोन वाड्यांमधला सामना जिल्ह्याच्या अंतिम सामन्याइतकाच चुरशीने खेळला जातो.

कोकणातील शेती थोडी आणि पावसावर अवलंबून असल्याने येथील माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात राहिला. मुंबईच्या कापड गिरण्यांना मजूर पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी अग्रभागी होता. लालबाग, परळ, वरळी, नायगाव, प्रभादेवी या भागांत चाकरमान्यांच्या चाळी आणि गावकीच्या खोल्या होत्या. तिथेच कबड्डीची मंडळेही निघाली. कबड्डीला बॅट, चेंडू, बूट, गवताचे मैदान यांपैकी काही लागत नव्हते. दोन चाळींच्या मधली मोकळी जागा पुरत होती. गिरणीची पाळी सुटल्यावर सराव आणि सुट्टीच्या दिवशी सामने, असा क्रम होता. गणपतीला किंवा शिमग्याला गावी आलेला चाकरमानी मुंबईतले नवे डाव गावच्या पोरांना दाखवायचा, आणि गावातला तयार गडी मुंबईच्या मंडळात दाखल व्हायचा. गाव आणि शहर यांच्यातील या ये-जा करणाऱ्या प्रवाहाने खेळाची पातळी उंचावली.

या व्यवस्थेचा तिसरा भाग नोकरीचा. बँका, रेल्वे, पोलीस, विमान कंपनी, बंदर, तेल कंपन्या आणि महिंद्रासारखे खासगी कारखाने यांनी आपापले कबड्डी संघ बांधले. चांगल्या चढाईपटूला किंवा कोपरारक्षकाला खेळाच्या जोरावर कायम नोकरी मिळू शकते, हे स्पष्ट झाल्यावर गरीब घरातल्या मुलांना हा खेळ जगण्याचा मार्ग दिसू लागला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगाव हळूहळू विस्कटले, पण व्यावसायिक संघांमुळे कबड्डीचा नोकरीशी असलेला धागा तुटला नाही. दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्थांनी आणि शिवशक्तीसारख्या महिला संघांनी शहरातले सातत्य टिकवले.

या सगळ्या पसाऱ्याला संघटनेचे रूप देण्यात शंकरराव तथा बुवा साळवी यांचे नाव सर्वांत पुढे येते. राज्य संघटनेपासून राष्ट्रीय महासंघापर्यंत त्यांनी आयुष्यभर काम केले. स्पर्धांचे वेळापत्रक, पंचांच्या परीक्षा, नियमांचा एकसारखा अर्थ आणि परदेशी संघांशी संपर्क यांकडे त्यांचे लक्ष असे. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. राज्य संघटनेच्या अध्यक्षपदी दीर्घकाळ राहिलेल्या शरद पवारांमुळे खेळाला राजकीय पाठबळही मिळाले.

देशाबाहेर

१९७२ च्या सुमारास राष्ट्रीय संघटनेची भारतीय हौशी कबड्डी महासंघ या नावाने पुनर्रचना झाली. त्याच वर्षी सदानंद शेट्ये कबड्डीतील पहिले अर्जुन पुरस्कार विजेते ठरले. नव्याने स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाने कबड्डीला राष्ट्रीय खेळ मानले होते. १९७४ साली भारतीय संघ तिथे पाच सामन्यांच्या दौऱ्यावर गेला आणि १९७९ साली बांगलादेशचा संघ भारतात आला. दोन देशांमधल्या नियमित कबड्डीची ही सुरुवात. १९७८ साली भिलाई येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी आशियाई महासंघाची पायाभरणी झाली, १९७९ मध्ये भारतीय प्रशिक्षक सुंदर राम जपानमध्ये खेळ शिकवायला गेले आणि १९८० साली कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. ती भारताने जिंकली. बांगलादेश उपविजेता होता.

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून खेळवली गेली. १९८५ साली ढाक्यातील दक्षिण आशियाई स्पर्धेत ती पदकाच्या खेळांत आली. त्यानंतर पाच वर्षांनी बीजिंगचे दार उघडले.

आशियाई पातळीवरची कबड्डी ही आजच्या परिचित स्वरूपाची होती. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. प्रत्येक संघात सात खेळाडू मैदानात. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्या एक मीटर पुढे बोनस रेषा. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचे राखीव क्षेत्र, जे झटापट सुरू झाल्यावरच खेळाचा भाग बनते. चढाईपटूला निदान रेषा ओलांडावीच लागते. बचावात डावे-उजवे कोपरारक्षक आणि मध्यरक्षक यांची साखळी चढाईपटूची वाट अडवते. दमाचा अंदाज कानावर सोडण्याऐवजी पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली आणि जुन्या हुतुतूतील सगळ्यांत मोठा वाद मिटला.

सात सुवर्णपदके

बीजिंगमध्ये सहाच संघ होते. भारताने सुवर्ण, बांगलादेशने रौप्य आणि पाकिस्तानने कांस्यपदक मिळवले. १९९४ साली हिरोशिमात हाच क्रम राहिला. १९९८ साली बँकॉकमध्ये पाकिस्तान दुसरा आणि बांगलादेश तिसरा आला. २००२ साली बुसानमध्ये बांगलादेश पुन्हा दुसरा. २००६ साली दोहात पाकिस्तान अंतिम सामन्यात ३५–२३ असा हरला. पहिल्या पाच स्पर्धा पाहिल्या तर पदके तीनच देशांत फिरत राहिली, आणि तिन्ही देश एकाच उपखंडातील, एकाच मैदानी परंपरेचे वारस होते.

या वर्षांतील भारतीय संघांत महाराष्ट्राचे खेळाडू सातत्याने होते. शांताराम जाधव, अशोक शिंदे, राजू भावसार आणि पंकज शिरसाट यांना अर्जुन पुरस्कार मिळाले. मात्र राष्ट्रीय संघाचा भार हळूहळू हरियाणा, सेनादल आणि रेल्वे यांच्याकडे सरकला. हरियाणाच्या गावांत सरकारी नोकरीच्या आशेने कबड्डीत उतरणाऱ्या मुलांची संख्या फार मोठी होती. शिवाय खेळ मातीवरून मॅटवर सरकला, तशी तिथल्या खेळाडूंची उंची आणि ताकद अधिक उपयोगी पडू लागली. मातीत पाय रोवून उभे राहण्याची, हलकेच घसरत जाऊन टाच धरण्याची कोकणी-मुंबईकर ढब मॅटवर तशीच चालत नाही. मॅटवर पायाला पकड जास्त, वेग जास्त आणि अंगावर पडणारा भारही जास्त. महाराष्ट्राच्या पुरुष संघाला राष्ट्रीय विजेतेपदासाठी दीर्घकाळ थांबावे लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली सेनादलाला हरवून ते अकरा वर्षांनी परत आले.

महिला कबड्डी २०१० साली ग्वांगझू येथे आशियाई स्पर्धेत आली. भारताने अंतिम सामन्यात थायलंडला २८–१४ असे हरवले. २०१२ साली पाटण्यात झालेला महिला विश्वचषक आणि २०१४ ची इंचॉन स्पर्धाही भारताने जिंकली. या दोन्ही संघांत मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती. तिला २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

विश्वचषकाच्या पहिल्या दोन पुरुष स्पर्धा महाराष्ट्रात झाल्या. २००४ साली मुंबईत भारताने अंतिम सामन्यात इराणला ५५–२७ असे सहज हरवले. २००७ साली पनवेलमध्ये पुन्हा इराणच समोर होता, आणि निकाल २९–१९ असा लागला. तीन वर्षांत अंतर अठ्ठावीस गुणांवरून दहावर आले होते.

अपराजित राहण्याची कारणे

कोणत्याही खेळातील दीर्घ अपराजित पर्व बहुधा त्या खेळाच्या प्रसाराच्या सुरुवातीच्या काळात येते. अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याचे गाजलेले उदाहरण आहे. टेनेसी राज्यातील सेवानी येथील छोट्या महाविद्यालयाच्या संघाने १८९९ च्या मोसमात बाराही सामने जिंकले. त्यांतले पाच त्यांनी रेल्वेने दौरा करत सहा दिवसांत खेळले आणि त्या पाचांत प्रतिपक्षाला एकही गुण मिळू दिला नाही. सबंध मोसमात त्यांनी ३२२ गुण मिळवले आणि फक्त १० दिले. त्या वेळी दक्षिणेतल्या मोठ्या विद्यापीठांतही हा खेळ नवा होता. प्रशिक्षण आणि शिस्त ज्यांच्याकडे आधी आली त्यांना मोठा फायदा होता. पुढे खेळ पसरला, मोठ्या विद्यापीठांनी पैसा व माणसे ओतली, आणि याच सेवानीने १९३० च्या दशकात आपल्या विभागीय संघटनेतील एकही सामना न जिंकता १९४० साली तिथून काढता पाय घेतला.

भारतीय कबड्डीचे वर्चस्वही अशाच मक्त्यावर आधारलेले होते, फक्त त्याची मुळे कितीतरी खोल होती. पहिले कारण संख्येचे. किशोर, कुमार, शालेय, विद्यापीठ, जिल्हा, राज्य आणि व्यावसायिक अशा पायऱ्यांची उतरंड भारतात होती, आणि राष्ट्रीय संघात जागा मिळवणारा खेळाडू या सगळ्यांतून तावून सुलाखून आलेला असे. दुसरे कारण अनुभवाचे. भारतीय खेळाडू वर्षात जितके चुरशीचे सामने घरी खेळत, तितके इतर देशांतले खेळाडू कारकिर्दीतही खेळत नसत. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत एक गुण राखायचा असेल तर चढाई कशी लांबवायची, चढाईला कोणाला पाठवायचे, तीनच गडी उरले असताना पकडीचा धोका कधी पत्करायचा, हे निर्णय त्यांना सहज जमत. तिसरे कारण ज्ञानाचे. नियम भारतात घडले, पंच भारतात तयार झाले, प्रशिक्षकांची शिकवण भारतात होती.

यांपैकी तिसरे कारण सगळ्यांत कच्चे होते, कारण ऑलिंपिकपर्यंत जाण्याच्या इच्छेने भारतीय संघटकच ते ज्ञान बाहेर वाटत होते. खेळ आशियाई स्पर्धेत टिकवायचा तर तो अनेक देशांत खेळला जायला हवा होता. म्हणून भारतीय प्रशिक्षक जपान, इराण, थायलंड, कोरिया येथे गेले. इराणकडे कुस्तीची थोर परंपरा होती. कमरेची ताकद, पकडीतली घट्ट मिठी आणि अंगावर झेपावण्याची तयारी तिथल्या मुलांत आधीपासूनच होती. कबड्डीचे नियम आणि डाव तेवढे शिकायचे होते. २०१० च्या अंतिम सामन्यात इराण ३७–२० असा हरला. २०१४ साली मध्यंतराला भारत मागे होता आणि अखेर २७–२५ असा कसाबसा जिंकला. त्या वर्षी कोरियानेही कांस्यपदक मिळवले.

लीगचे दिवस

इंचॉनच्या काही आठवडे आधी, २६ जुलै २०१४ रोजी, प्रो कबड्डी लीग सुरू झाली. चारू शर्मा आणि आनंद महिंद्रा यांच्या कल्पनेतून निघालेल्या या स्पर्धेने मॅटवरची कबड्डी दूरचित्रवाणीच्या मुख्य वेळेत आणली. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण मिळवण्याची सक्ती, तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या अव्वल पकडीला जादा गुण, चढाईचा दिसणारा काळ यांमुळे सामना वेगवान झाला. पहिल्या मोसमाच्या अंतिम सामन्यात मुंबईची यू मुंबा जयपूरकडून हरली, पण २०१५ साली अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली विजेती झाली. पुणेरी पलटणने मार्च २०२४ मध्ये अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पहिले विजेतेपद मिळवले.

लीगने भारतीय खेळाडूंना पैसा आणि ओळख दिली. त्याचबरोबर परदेशी खेळाडूंना भारतीयांच्या सरावात, त्यांच्याच संघात, महिनोन्‌महिने राहण्याची संधी दिली. इराणचा बचावपटू फझल अत्राचली यू मुंबाकडून खेळला आणि लीगमधील सर्वांत महागड्या बचावपटूंपैकी एक बनला. कोरियाचा चढाईपटू जँग कुन ली बंगाल वॉरियर्सचा आधार होता. ज्या चढायांचा अभ्यास पूर्वी चार वर्षांतून एका सामन्यात होत असे, तो आता रोजच्या सरावात होऊ लागला. परिणाम लगेच दिसला. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादच्या विश्वचषकातील पहिल्याच सामन्यात कोरियाने भारताला ३४–३२ असे हरवले. भारताने पुढे अंतिम सामन्यात इराणला ३८–२९ असे नमवून चषक राखला, त्यामुळे त्या पराभवाचा इशारा विजयाच्या गडबडीत बाजूला पडला.

जकार्ता, २०१८

दोन वर्षांनी तो इशारा खरा ठरला. अजय ठाकूरच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ गटातील सामन्यात कोरियाकडून एका गुणाने हरला. तरीही तो उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे २३ ऑगस्टला इराणने त्याला २७–१८ असे हरवले. अत्राचलीच्या संघाने भारतीय चढाईपटूंना कोपऱ्यात कोंडले आणि फारसे गुण मिळू दिले नाहीत. अंतिम सामन्यात इराणने कोरियाला नमवले. भारताला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले आणि पुरुषांच्या सलग सात सुवर्णपदकांची मालिका तुटली.

पुरुषांच्या उपांत्य पराभवाच्या दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना झाला आणि इराणने भारताला २७–२४ असे हरवले. इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षिका नाशिकच्या शैलजा जैन होत्या. अनेक वर्षे महाराष्ट्रात मुली घडवल्यानंतर त्यांनी इराणची जबाबदारी स्वीकारली होती. तिथे त्यांनी कामापुरती फारसी शिकून घेतली, सरावात योगासने व प्राणायाम आणला आणि खेळाडूंच्या ताकदीला डावपेचांची जोड दिली. भारतीय चढाईपटूंच्या सवयी त्यांना आतून ठाऊक होत्या. साखळी कुठे तुटते, कोणती चढाईपटू कोणत्या बाजूने फिरते, घाई कधी होते, याची तयारी करूनच त्यांचा संघ मैदानात उतरला. मुळात महाराष्ट्रात आकाराला आलेले शिक्षण त्या दिवशी इराणच्या बाजूने उभे होते.

या पराभवांची कारणे शोधताना निवड, संघटनेतील वाद आणि अतिआत्मविश्वास यांची चर्चा झाली. त्यांतले काही खरे असले, तरी मुख्य कारण त्याहून व्यापक आहे. २००४ ते २०१४ या दहा वर्षांतील भारत–इराण सामन्यांचे निकाल ओळीने ठेवले तर अंतर एकसारखे घटत नसले, तरी त्याची दिशा स्पष्ट आहे. खेळाचे ज्ञान एका देशाच्या हातात राहिले नव्हते.

जकार्तानंतर

हँगझोऊची आशियाई स्पर्धा महासाथीमुळे एक वर्ष लांबून २०२३ साली झाली. ७ ऑक्टोबरला भारताने दोन्ही सुवर्णपदके परत मिळवली, पण निकाल पूर्वीसारखे नव्हते. महिलांनी चिनी तैपेईला २६–२५ असे एका गुणाने हरवले; हे भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. पुरुषांच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गुण २८–२८ असे बरोबरीत होते. पवन सेहरावत कोणालाही न शिवता राखीव क्षेत्रात गेला आणि त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. कोण बाद, किती गुण, यावर जुना नियम आणि लीगमधला नवा नियम वेगवेगळे उत्तर देत होते. सामना सुमारे तासभर थांबला. अखेर निर्णय भारताच्या बाजूने गेला आणि सामना ३३–२९ असा संपला. अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे महाराष्ट्राचे दोन खेळाडू त्या विजयी संघात होते.

राखीव क्षेत्रावरच्या त्या वादाने शंभर वर्षांपूर्वीचा प्रश्न नव्या रूपात समोर आणला. गावोगावच्या वेगळ्या रीतींमुळे बडोद्याला आणि पुण्याला नियम लिहावे लागले होते. आता लीग आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्या नियमांतील तफावत दूर करण्याची गरज भासली. २००४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कबड्डी महासंघापुढे आणि ऑलिंपिकची इच्छा धरणाऱ्या संघटकांपुढे एकच नियमपुस्तक ही पहिली अट आहे.

मराठी मुलखात या इतिहासाचा परिणाम मैदानावर दिसतो. जिल्हा निवड चाचण्या आणि राज्य अजिंक्यपद स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या आहेत, तर वाडीवाडीतले मोसमी सामने बहुतांशी मातीतच रंगतात. सावर्ड्यासारख्या गावातील मुलाला पुढे जायचे तर दोन्ही पृष्ठभागांवर खेळावे लागते: पायाचा तोल मातीवर कमवायचा आणि वेग मॅटवर. शाळा व महाविद्यालयांतील संघ, जिल्हा संघटनेच्या स्पर्धा आणि लीगच्या युवा निवड चाचण्या या तीन वाटांनी तो वर जातो. या वाटेवर त्याची ज्या प्रतिस्पर्ध्यांशी गाठ पडणार आहे, ते आता जिल्ह्यात, हरियाणात आणि तेहरानमध्येही आहेत. पुरुष कबड्डीत भारत आशियात अजूनही पहिला आहे, पण २०१८ नंतर ते स्थान प्रत्येक स्पर्धेत नव्याने मिळवावे लागते.